वेशीवरच्या फलकाचा अर्थ

कायद्याचे प्राध्यापक एम. डी. नंजुंडस्वामी (१९३६-२००४) शेतकऱ्यांचे नेते झाले, यामागे शासनाचा बहिरेपणाही होता, असे माझे मत आहे. मलप्रभा प्रकल्पाच्या सुधार-आकारणीविरुद्ध जुलै १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी उठले. त्या संघर्षात शेतकरी व पोलीस दोघांचेही बळी गेले. त्याच वर्षी कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. पुढच्या वर्षी निपाणीत तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला.

संघाने गावोगावी फलक लावले : परवानगीविना अधिकाऱ्यांना प्रवेश नाही. थकबाकीपोटी जप्त केलेली चीजवस्तूही शेतकरी परत आणू लागले. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला हे बेकायदा वाटते; तथापि केवळ वसुलीसाठी गावात येणाऱ्या राज्यसंस्थेला मिळालेले ते उत्तर होते.

पुढे नंजुंडस्वामी आमदार झाले. डिसेंबर १९९२ मध्ये बेंगळुरूतील कार्गिलच्या कार्यालयातील कागदपत्रे रस्त्यावर जाळली गेली; ३० जानेवारी १९९६ रोजी केंटकीच्या उपाहारगृहावर हल्ला झाला. निर्जीव वस्तू मोडणे ही हिंसा नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही. धाक वस्तूंना नव्हे, माणसांनाच बसतो.

महाराष्ट्रात शरद जोशी मात्र डंकेल प्रस्तावाचे समर्थन करीत होते. मार्ग विरुद्ध, पण रास्त भावाची मागणी एकच. तिला विधिमंडळात पुरेसे बळ लाभले नाही. जिथे अर्जाला उत्तर मिळत नाही, तिथे दगड उचलला जातो. नंजुंडस्वामींच्या चरित्रातून प्रशासनाने घ्यावयाचा धडा हाच.