आयंगारांच्या नावाचे शेवाळ

हिवाळ्यातील सुकतीला हणजुणच्या खडकांवर उतरले, की तपकिरी शेवाळाने झाकलेले दगड दिसतात. त्यात पंख्यासारखा पसरलेला पॅडिना असतो, हवेच्या इवल्या फुग्यांवर तरंगणारा सरगॅसम असतो. पश्चिम किनाऱ्यावरील अशा वनस्पतींची शास्त्रशुद्ध ओळख पटविण्याच्या कामात एका डॅनिश ग्रंथपालाचा वाटा फार मोठा आहे. फ्रेडरिक ब्योर्गेसेन हे त्यांचे नाव.

१८६६ साली जन्मलेले ब्योर्गेसेन कोपनहेगन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकले. १९०० पासून १९३५ पर्यंत ते तेथील वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. १९०४ मध्ये फेरो बेटांच्या थंडगार समुद्रातील शेवाळांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते उष्ण समुद्रांकडे वळले. डॅनिश वेस्ट इंडीजच्या शेवाळांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ ते १९२० या काळात प्रसिद्ध होत होता. मधल्या काळातच, १९१७ साली, डेन्मार्कने ती बेटे अमेरिकेला विकून टाकली. शेवाळांना अर्थातच त्याचे सोयरसुतक नव्हते.

साठी उलटल्यावर ते हिंदुस्थानात आले. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या व तपकिरी शेवाळांवरील त्यांची लेखमाला १९३० पासून भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आली. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. तपकिरी रंगद्रव्याखाली हरितद्रव्य झाकलेले असते आणि वाळताना मूळ रंग पालटतो. तेव्हा रंगावर विसंबता येत नाही. सरगॅसममध्ये एकाच झाडाची खालची पाने रुंद, तर वरची अरुंद असू शकतात. वय आणि लाटांचा मारा यांनीही रूप बदलते. म्हणून बुंध्यापासून पुनरुत्पादक अवयवांपर्यंत सारे झाड हाती लागते. पॅडिनाचा तर पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे थर मोजावे लागतात.

ब्योर्गेसेन यांच्या वृत्तीची खरी पारख एका पोकळ, ताऱ्यासारख्या तपकिरी शेवाळाने केली. १९२८ साली त्यांनी ते नवी जात म्हणून नोंदवले आणि रोझेनव्हिन्जिया या प्रजातीत घातले. ही प्रजाती त्यांनीच १९१४ मध्ये उभी केली होती, आपल्याच एका देशबांधवाच्या नावाने. अकरा वर्षांनी त्यांनी स्वतःच तो निर्णय फिरवला. त्या शेवाळासाठी वेगळी प्रजाती केली आणि तिला मद्रासचे शैवालतज्ज्ञ प्रा. एम. ओ. पी. आयंगार यांचे नाव दिले: आयंगारिया. स्वतःच्या मांडणीला असा छेद देणारे विद्वान सगळ्याच काळात थोडे. हे शेवाळ आजही ओखा-द्वारकेच्या खडकांवर सापडते. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असेल, ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते.

निवृत्तीनंतर ब्योर्गेसेन मॉरिशसच्या शेवाळांत रमले. १९५६ साली, वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले. मॉरिशसवरील लेखमालेचा अखेरचा भाग पुढच्या वर्षी छापून आला.