पाद्र्याच्या पोराने गव्हर्नरपदावर पाणी सोडलं, पण देवाच्या विषयावर गप्प बसला नाही

सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही, असं अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यापासून लिहिलंय. पण कागदावरचा नियम वेगळा आणि मतदाराच्या मनातला वेगळा. हा फरक ज्याला सगळ्यात जास्त भोवला, तो माणूस म्हणजे रॉबर्ट इंगरसॉल.

जन्म १८३३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रेस्डेन गावातला. वडील पाद्री. त्यामुळे बायबल घरातच पाठ झालं, आणि प्रश्नही तिथेच पडायला लागले.

पुढे इंगरसॉल इलिनॉयमध्ये वकील झाले. यादवी युद्धात कर्नल म्हणून घोडदळाची तुकडी घेऊन लढले, शत्रूच्या हाती कैदही झाले. युद्धानंतर १८६७ मध्ये ते राज्याचे अॅटर्नी जनरल झाले.

आता पुढची पायरी गव्हर्नरपदाची होती. १८६८ मध्ये त्यांचं नाव चर्चेतही होतं. अडचण एकच, त्यांची धर्माबद्दलची मतं. त्यांनी ती झाकायला नकार दिला आणि उमेदवारी दुसऱ्याला गेली. त्यानंतर ते कधीच कुठल्या पदावर निवडून आले नाहीत.

गंमत म्हणजे त्यांच्या रिपब्लिकन पक्षाला त्यांचा आवाज मात्र हवा होता. १८७६ च्या अधिवेशनात जेम्स ब्लेन यांचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनीच सुचवलं आणि ते भाषण देशभर गाजलं. पक्षाला त्यांचं भाषण चालायचं, उमेदवारी चालायची नाही.

मग इंगरसॉल गावोगावी व्याख्यानं देऊ लागले. तिकीट काढून लोक यायचे, त्यात चर्चला जाणारेही असायचे. देव आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे नरकाची भीती घालून माणसाला वागायला शिकवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का, हा त्या काळातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर फ्रेडरिक डग्लस यांना पिओरियात मिळालं. डग्लस गुलामगिरीतून सुटलेले नेते. कृष्णवर्णीयांना तिथल्या हॉटेलात खोली मिळेल याची खात्री नसायची. तेव्हा एका मित्राने सांगितलं, की कितीही रात्र झाली तरी इंगरसॉल यांचं दार वाजवा. हॉटेल मिळालं, पण दुसऱ्या दिवशी डग्लस त्यांना भेटायला गेले. तिथलं स्वागत त्यांनी आत्मचरित्रात आवर्जून नोंदवलंय.

१८८७ मध्ये न्यू जर्सीत सी. बी. रेनॉल्ड्स यांच्यावर धर्मनिंदेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू इंगरसॉल यांनी मांडली. खटला हरले, २५ डॉलर दंड झाला, पण कोर्टातला तो युक्तिवाद पुढे पुस्तिका म्हणून छापला गेला.

१८९९ मध्ये इंगरसॉल गेले. त्यानंतर अफवा उठली, की शेवटच्या क्षणी त्यांनी देवाची माफी मागितली. ती खोडून काढण्यासाठी त्यांच्या पत्नीला प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

टेक्सससारख्या काही राज्यांच्या घटनेत पदासाठी परमेश्वराचं अस्तित्व मानण्याची अट आजही छापलेली आहे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या खटल्यात अशी अट बेकायदा ठरवली, त्यामुळे ती लागू होत नाही. मतदाराच्या मनातली अट मात्र कुठलंच न्यायालय रद्द करू शकत नाही. इंगरसॉल यांना आडवी आली ती हीच.