घरातले दुसरे दुखणे : लोइस विल्सन

दारूच्या व्यसनातून माणसे बाहेर काढणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे नाव आपल्याकडेही परिचित आहे, आणि तिचे एक संस्थापक म्हणून बिल विल्सन यांचेही. मद्यपीबरोबर त्याचे घरही आजारी पडते आणि त्या घराला स्वतंत्र आधार लागतो, हे मात्र जगापुढे मांडले ते बिल यांच्या पत्नी लोइस यांनी. विशेष म्हणजे त्यांना हे उमगले ते पतीची दारू सुटल्यानंतर.

लोइस बर्नहॅम यांचा जन्म ४ मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील डॉक्टर, घर सुखवस्तू, उन्हाळे व्हरमाँट राज्यातल्या तळ्याकाठी जात. तेथेच वयाने चार वर्षांनी लहान असलेल्या बिलशी ओळख झाली. पहिले महायुद्ध सुरू होते, बिल सैन्यात होते. म्हणून २४ जानेवारी १९१८ रोजी घाईने लग्न उरकण्यात आले. दारूची चव बिल यांना छावणीच्या दिवसांत नुकतीच कळली होती. आपल्या प्रेमापुढे ती टिकणार नाही, असा लोइस यांचा विश्वास होता.

पुढची जवळजवळ सतरा वर्षे त्या विश्वासाने त्यांना झुंजवले. गर्भ तीनदा नलिकेत राहिला आणि मूल होण्याची आशा मावळली. १९२५ साली दोघे मोटारसायकलवरून दूरच्या भटकंतीला निघाले. बिल यांना निरनिराळ्या कंपन्या पाहून शेअरबाजारासाठी अंदाज बांधायचे होते. लोइस यांचा मनातला हेतू त्यांना शहरातल्या दारूपासून लांब नेण्याचा होता. १९२९ च्या कोसळण्यात बाजार गेला, पैसा गेला आणि दांपत्य लोइस यांच्या वडिलांच्या घरी राहायला आले. एका मोठ्या दुकानात नोकरी करून लोइस संसार चालवू लागल्या. घरातल्या बायबलमध्ये बिल दारू सोडण्याची शपथ लिहून देत, ती मोडत आणि पुन्हा लिहून देत.

मराठी वाचकाला येथे सिंधू आठवल्यावाचून राहणार नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते १९१९ साली, लोइस यांच्या लग्नानंतर वर्षभराने. सिंधूच्या सोसण्यावर आपण पिढ्यानपिढ्या डोळे पुसले. तिलाही काही उपचार हवा होता, हा विचार कितीजणांनी केला? लोइस सिंधूसारख्या मूक नव्हत्या, पण त्यांचीही समजूत हीच होती की आजारी आहे तो फक्त नवरा.

डिसेंबर १९३४ मध्ये बिल यांची दारू सुटली. १९३५ साली अ‍ॅक्रन येथे डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट होऊन संघटनेचा पाया घातला गेला. घरात आनंद नांदायला हवा होता. बिल मात्र रात्रंदिवस इतर मद्यपींच्या मागे फिरत, त्यांना घरी आणून ठेवत. एका संध्याकाळी सभेला लवकर निघण्याची त्यांनी सहज सूचना केली आणि लोइस यांनी हातातला बूट त्यांच्या अंगावर फेकला. आपल्या या संतापाने त्या स्वतःच चकित झाल्या. आपल्याला सतरा वर्षांत जे साधले नाही ते परक्या माणसांनी साधले, याचा तो राग होता. त्याहून खोल गोष्ट अशी की पतीला सांभाळणे हेच त्यांचे जगणे होऊन बसले होते. तो सांभाळ संपताच हात रिकामे झाले.

१९३९ साली संघटनेचा ग्रंथ निघाला. त्यातले पत्नींसाठीचे प्रकरण आपण लिहावे, अशी लोइस यांची इच्छा होती. ते बिल यांनीच लिहिले, आणि तेही एखाद्या पत्नीच्या तोंडून बोलल्यासारखे! ही बोच त्यांच्या मनात पुढेही राहिली. त्याच वर्षी वडिलांचे घर कर्जापायी गेले. दोन वर्षे परक्यांच्या आसऱ्याने काढल्यावर १९४१ मध्ये बेडफर्ड हिल्स येथे हक्काचे छप्पर मिळाले.

पुरुषांच्या सभा चालू असताना बायका बाहेर थांबत, कॉफी करत आणि आपसांत बोलत. या बोलण्यातूनच जागोजागी कुटुंबीयांचे गट उभे राहिले. १९५१ साली लोइस आणि त्यांची मैत्रीण अ‍ॅन बी. यांनी अशा ८७ गटांना व व्यक्तींना पत्रे धाडली. उत्तरे येऊ लागली आणि ‘अल्-अ‍ॅनॉन’ आकाराला आली. जवळपास एकही गट नसलेल्या एकाकी बायकांना पत्र हाच आधार होता. मद्यपींच्याच बारा पायऱ्या येथे घेतल्या गेल्या. फक्त शेवटच्या पायरीत मद्यपींच्या जागी ‘इतर’ हा शब्द आला. दारूपुढे आपण हतबल आहोत ही पहिली पायरी तशीच राहिली, पण आता ती दुसऱ्याच्या हातातल्या प्याल्याविषयी होती. व्यसन आपल्यामुळे लागले नाही आणि आपल्या धाकाने सुटणारही नाही, हे मान्य करणे बायकोला किंवा आईला किती जड जाते, ते अशा घरात राहिलेल्यांनाच ठाऊक. १९५७ मध्ये मद्यपींच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘अ‍ॅलाटीन’ सुरू झाली.

२४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, बिल यांचे निधन झाले. लोइस त्यानंतरही काम करीत राहिल्या. १९७९ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. व्हरमाँटमधल्या ईस्ट डॉर्सेट येथे, बिल यांच्या शेजारी, त्यांना दफन करण्यात आले.