संत गोन्सालो गार्सिया : वसईच्या एका तरुणाचे पाचारण

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत मंदिराच्या उभारणीविषयी, दानशूर कुटुंबांविषयी व दिवंगत धर्मगुरूंविषयी लिहिले जाईल, आणि ते उचितच आहे. आम्ही मात्र येथे अशा एका तरुणाचे चरित्र सांगू इच्छितो, की ज्याने प्रभूच्या मळ्यात राबण्याची परवानगी मागितली आणि ज्याला ती वर्षानुवर्षे मिळाली नाही. हा तरुण कोणी दूरदेशीचा नव्हे. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसईचा तो सुपुत्र, संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचा जन्म सुमारे 1557 साली वसईस झाला. 1534 साली वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली होती, व त्याच्या बालपणी तेथे ख्रिस्तमंदिरे, मठ व शाळा नांदू लागल्या होत्या. त्याचा पिता पोर्तुगीज, तर माता या भूमीतीलच होती. येशूसंघाच्या फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांची या मुलावर माया जडली. त्यांनी त्याला विद्या दिली, धर्माचे वळण लावले, आणि 1572 साली ते जपानला निघाले तेव्हा त्यालाही बरोबर नेले. गोन्सालो त्या वेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. आज ज्या वयात आपली मुले दहावीच्या परीक्षेची चिंता वाहतात, त्या वयात हा मुलगा आईचा निरोप घेऊन गलबतात चढला.

जपानमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1549 साली शुभवर्तमानाचे बीज पेरले होते. तेथे धर्मगुरू थोडे, व परकीयांना ती भाषा अवघड. गोन्सालोने मात्र ती अल्पावधीत आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे तो मिशनचा धर्मशिक्षक म्हणून राबला. मुलांना प्रार्थना शिकवाव्या, नवख्यांना श्रद्धेची तत्त्वे समजावून सांगावी, धर्मगुरूंचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचवावे, हे त्याचे नित्यकर्म होते. लोकांचे त्याच्यावर प्रेम जडले. त्याच्या मनात एकच इच्छा होती, की येशूसंघात प्रवेश मिळावा व आपले सारे आयुष्य याच कार्याला वाहता यावे.

ही इच्छा त्याने वारंवार वरिष्ठांपुढे मांडली, परंतु ती मान्य झाली नाही. त्या काळी एतद्देशीय रक्ताच्या तरुणांना व्रतस्थ संघांची दारे सहसा उघडत नसत. ज्याच्या सेवेवाचून चालत नव्हते, त्याला घरात मात्र घेतले गेले नाही. वाचकहो, हे शल्य लहान नव्हे. परकीयाने नाकारले तर मनुष्य सोसतो. ज्यांना आपले मानले त्यांनीच उंबरठ्यावर ठेवले, तर पुष्कळांची श्रद्धाच डळमळते.

गोन्सालोने जपान सोडले. त्याने मकाव बंदरी व्यापार मांडला आणि त्यात त्याला चांगलेच यश आले. पूर्वेकडील निरनिराळ्या बंदरांशी त्याचे व्यवहार होऊ लागले. इतरांनी म्हटले असते, की ईश्वराने एक दार लावले व दुसरे उघडले. आता सुखाने नांदावे. पण धनाने त्याच्या अंतःकरणातील हाक बुजली नाही. फिलिपीन बेटांतील मनिला येथे त्याचा संबंध फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी आला. संत फ्रान्सिसच्या या अनुयायांचे दारिद्र्य व आनंद पाहून त्याने व्यापार आवरला आणि त्यांच्या संघात साधा धर्मबंधू म्हणून प्रवेश मागितला. या वेळी दार उघडले. त्याचे वय तेव्हा तिशीच्या घरात होते.

येथे ईश्वरी योजनेचे मर्म दिसते. 1593 साली फिलिपीनच्या स्पॅनिश राज्यपालाने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे शिष्टमंडळ पाठविले. हिदेयोशीने 1587 सालीच मिशनरींना हद्दपारीचा हुकूम फर्माविलेला होता. अशा मनुष्यापुढे बोलण्यास जपानी भाषा व रीतिरिवाज जाणणारा दुभाषी हवा होता, आणि ते काम वसईच्या ब्रदर गोन्सालो यांच्याकडे आले. नाकारलेल्या आठ वर्षांत जे शिकले, तेच आता उपयोगी पडले. हिदेयोशीने या बंधूंना राहू दिले. क्योतो येथे त्यांनी मंदिर, मठ व इस्पितळे उभारली, आणि कुष्ठरोग्यांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या.

पुढे ऑक्टोबर 1596 मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील माल जप्त झाला, आणि मिशनरी हे परकीय आक्रमणाचे अग्रदूत होत असा संशय बळावला. डिसेंबरात क्योतोच्या मठास पहारा बसला. जानेवारी 1597 मध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली व भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. निघताना ते 24 होते. वाटेत आणखी दोघांची भर पडून 26 झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तिघे येशूसंघीय व 17 जपानी प्रापंचिक होते, आणि त्या प्रापंचिकांत कोवळी मुलेही होती.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. ज्या येशूसंघाने गोन्सालोंना आत घेतले नव्हते, त्याचे तीन पुत्र त्याच रांगेत क्रुसावर होते. मरणसमयी त्यांच्यात आतले व बाहेरचे असा भेद उरला नाही. पोप आठवे अर्बन यांनी 1627 साली या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले, व 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. वसईजवळील गास येथील मंदिर आज संत गोन्सालोंच्याच नावे उभे आहे.

हे चरित्र सोलापूरच्या महोत्सवात सांगण्याचे एक कारण आहे, व ते कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे आला होता. मे महिन्याच्या सुटीत धर्मशिक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे आणि मग खेड्यापाड्यांतील मुलांना शिकवावे, असा त्याचा मनोदय होता. त्याला प्रवासखर्च, जेवणखर्च व एका शिफारसपत्राची गरज होती. त्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून घर चालवीत होते, हे आम्हांस ठाऊक होते. मंदिराच्या छपराचे काम निघाले होते, म्हणून पुढील वर्षी पाहू असे सांगून आम्ही त्याला परत पाठविले. पुढील वर्षी छप्पर पुरे झाले होते. तो तरुण मात्र आला नाही.

प्रत्येक तरुण गोन्सालो नसतो, आणि प्रत्येकाची हाक इतक्या नकारांनंतर टिकत नाही. ती टिकावी म्हणून ख्रिस्तसभा आहे. फादर सेबास्तियन यांनी एका मुलाला बरोबर नेले नसते, तर हा संत घडला असता काय?

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की महोत्सव-निधीचा काही वाटा बाजूला ठेवावा व त्यातून दर उन्हाळ्यात निदान एका तरुणाच्या वा तरुणीच्या प्रशिक्षणाचा खर्च चालवावा. ज्यांना पैसा देणे शक्य नाही, त्यांनी त्यांना जेवू घालावे, प्रवासाला शिदोरी द्यावी, रोज एक जपमाळ म्हणावी. आणि परत पाठविलेल्या त्या तरुणाच्या वाचनात हे पान आलेच, तर त्याने जाणावे की आमचे दार उघडे आहे; या खेपेस छपराची सबब सांगितली जाणार नाही.