समुद्रात उतरलेला प्रोफेसर

एम-थ्रीच्या पेपरला फोरिअर ऑप्शनला टाकायचा की नाही, हा आपल्या कॉलेजमधला सनातन प्रश्न! मी तो मागच्या वर्षी सरळ ऑप्शनला टाकला होता. नंतर लायब्ररीत (खरं सांगायचं तर तिथला पंखा चांगला फिरतो म्हणून बसले होते) एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं आणि कळलं की विल्यम थॉमसन नावाच्या एका मुलाने पंधरा-सोळाव्या वर्षी फोरिअरचं उष्णतेवरचं पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये वाचून काढलं होतं. परीक्षेसाठी नाही, आवडलं म्हणून! हा थॉमसन म्हणजेच लॉर्ड केल्विन. आपण त्याला फक्त टेंपरेचरचं युनिट म्हणून ओळखतो. पण मला सांगायचंय ते त्याच्या समुद्रातल्या तारेबद्दल. माझी शाळा कॉन्व्हेंट, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा.

जन्म १८२४ चा, बेलफास्टचा. वडील गणिताचे प्रोफेसर, पुढे ग्लासगो विद्यापीठात आले. मुलगा दहाव्या वर्षीच तिथल्या वर्गात बसायला लागला. मग केंब्रिज, आणि १८४६ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी ग्लासगोलाच प्रोफेसर. ती खुर्ची त्यांनी पुढे ५३ वर्षं सोडली नाही. इथपर्यंत गोष्ट कुठल्याही स्कॉलरची असते तशीच आहे.

१८५० च्या दशकात युरोप आणि अमेरिकेमध्ये समुद्राच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकायची स्वप्नं पडायला लागली. थॉमसन यांनी १८५४-५५ मध्ये कागदावर हिशोब मांडला. केबल म्हणजे मध्ये तांबं, भोवती गटापर्चाचं रबरासारखं आवरण आणि बाहेर खारं पाणी. म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटरच की! एका टोकाला करंट सोडला की दुसऱ्या टोकाला तो झटकन पोचत नाही, हळूहळू चढतो, जशी लोखंडी कांबीतून उष्णता सरकते. समीकरण तेच, फोरिअरचं. निष्कर्ष असा की लांबी दुप्पट केली तर उशीर चौपट होतो. उपायही त्यातच होता: तांबं जाड घ्या, आवरण जाड घ्या.

पेपर छापून आला. आपल्याकडे इथेच विषय संपतो. काळ्या बाइंडिंगचे, सोनेरी अक्षरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट लायब्ररीच्या मागच्या कपाटात कसे रांगेने उभे असतात, ते सगळ्यांना माहीत आहे. थॉमसनचा पेपरही असाच उभा राहिला असता. कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे सर्जन. त्यांनी स्वतःचे प्रयोग दाखवून हा वर्गाचा नियम खोटा ठरवला. बारीक तांबंही चालेल असं म्हटल्यावर खर्च वाचतो, मग कंपनीला कोणाचं पटणार? केबल बारीकच बनली, सागरी मैलामागे जेमतेम १०७ पौंड तांब्याची.

थॉमसन रुसून बसले नाहीत. १८५६ साली ते कंपनीच्या डायरेक्टर बोर्डावर गेले. विद्यापीठातल्या जुन्या वाइनच्या तळघरात त्यांनी लॅब काढली होती, तिथे विद्यार्थी मोजमापं करायचे. तांब्याचे नमुने तपासले तर दिसायला सारखी तांबी, पण वाहकतेत प्रचंड फरक! कारण अशुद्धी. मग केबलच्या पुढच्या भागासाठी तांब्याच्या शुद्धतेची अट आली आणि कारखान्यात तपासणी सुरू झाली. मला वाटतं की त्यांचं खरं मोठं काम हेच, फक्त ते फोटोत येत नाही.

१८५७ आणि १८५८ साली जहाज निघायच्या वेळी व्हाइटहाउस तब्येतीचं कारण सांगून घरी थांबले. त्यांच्या जागी थॉमसन गेले, तेही बिनपगारी. १८५८ च्या जूनमध्ये अगामेम्नॉन जहाज वादळात बुडता बुडता वाचलं. कल्पना करा, आपले एखादे सर लेक्चर सोडून असे गेले तर!

सोबत त्यांनी स्वतः बनवलेलं एक नाजूक यंत्र होतं, मिरर गॅल्व्हानोमीटर. तारेच्या वेटोळ्यात रेशमी धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चुंबकाचे बारीक तुकडे. दिव्याचा प्रकाश आरशावरून पट्टीवर पडतो. इवलासा करंट आला तरी प्रकाशाचा ठिपका डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. इथे काटा म्हणजे प्रकाशाचा किरण, ज्याला वजनच नाही. किती साधं, आणि किती भारी!

ऑगस्ट १८५८ मध्ये तार जोडली गेली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला तब्बल १६ तास लागले. व्हाइटहाउस यांनी आपल्या मोठमोठ्या कॉइल्सनी सुमारे २,००० व्होल्ट त्यात ढकलले आणि आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांत मेली. कंपनीने त्यांना काढलं. पुढे चौकशी समिती बसली, तिच्यापुढे थॉमसन यांनी साक्ष दिली. त्याच काळात वीज मोजायची सर्वमान्य एककं ठरवायला १८६१ साली त्यांच्या पुढाकाराने एक समिती झाली. आपला ओहम तिथून पुढे पक्का होत गेला.

नवी केबल सागरी मैलामागे ३०० पौंड तांब्याची बनली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या पेपरचा सल्ला शेवटी ऐकला! १८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजावरून टाकताना ती मध्येच तुटली. थॉमसन जहाजावरच होते. १८६६ च्या जुलैमध्ये दुसरी केबल न्यूफाउंडलंडला पोचली, आणि दोन मैलांहून खोल गेलेली आदल्या वर्षीची केबलसुद्धा गळ टाकून वर काढून पूर्ण केली. आता मिनिटाला सात-आठ शब्द जाऊ लागले. थॉमसन 'सर' झाले.

हेच 'ग्रेट ईस्टर्न' १८७० साली आपल्या मुंबईला आलं आणि मुंबई ते एडन केबल टाकून गेलं. त्याच वर्षी मुंबई समुद्रातून थेट लंडनशी जोडली गेली.

थॉमसन काही संत नव्हते. पेटंटं घेतली, पैसे कमावले, १२६ टनांची शिडाची यॉट घेतली. मला त्यात वाईट काही दिसत नाही. शिवाय त्या यॉटवरच त्यांनी पियानोच्या तारेने खोली मोजायचं यंत्र तपासलं आणि जहाजांचा होकायंत्रही सुधारला. चुकलेही ते जोरात: पृथ्वीचं वय काही कोटी वर्षंच आहे असं गणिताने मांडून भूगर्भशास्त्रज्ञांशी भांडले. आज ते साडेचारशे कोटींच्या पुढे धरतात. समुद्रावर त्यांचं म्हणणं तारेने तपासता आलं, पृथ्वीच्या पोटात कोण उतरणार?

१८९२ साली ते लॉर्ड झाले. नाव घेतलं केल्विन, विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं. १८९९ साली रिटायर झाल्यावर ७५ वर्षांच्या या माणसाने त्याच ग्लासगो विद्यापीठात रिसर्च स्टुडंट म्हणून पुन्हा नाव घातलं. डिसेंबर १९०७ मध्ये ते गेले, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना न्यूटनच्या शेजारी जागा मिळाली. मी मात्र बॅकलॉगच्या पेपरला फोरिअर ऑप्शनला टाकला नाही.