जेलीफिश आणि निम्म्याचा हिशेब

पावसाळ्यात गोरेगावहून अक्सा किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेलात, तर वाळूत निळसर फुगे पडलेले दिसतात. हे ब्लूबॉटल. (हात लावू नका, मेलेलाही डंख करतो.) ते खरे जेलीफिश नव्हेत, पण ज्या हायड्रोझोआ वर्गातले आहेत, त्याच वर्गातल्या जेलीफिशांवर ऑगस्ट वाइसमान यांनी आनुवंशिकतेचे मोठे काम केले.

१८३४ मध्ये फ्रँकफर्टला जन्मलेले वाइसमान शिक्षणाने डॉक्टर. फ्रायबर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागले आणि तिशीतच डोळ्यांनी दगा दिला. सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे बाजूला राहिला. पत्नी मेरी वाचून दाखवत. नजर जरा सुधारल्यावर त्यांनी या जेलीफिशांच्या बीजपेशी कुठे तयार होतात ते शोधले. त्या एका जागी जन्मतात आणि सरकत जाऊन दुसरीकडे पक्व होतात, असे त्यांना दिसले. १८८३ मध्ये त्यावर ग्रंथ निघाला. शरीर मरते, बीजपेशींची परंपरा मात्र चालू राहते, हा त्यांचा सिद्धांत याच काळात आकाराला आला.

डोळे पुन्हा बिघडले, तेव्हा हिशेब कामी आला. आजच्या आकड्यांत सांगायचे तर आईवडिलांच्या पेशींतली ४६-४६ गुणसूत्रे तशीच एकत्र आली, तर मुलात ९२ होतील, नातवंडात १८४. म्हणजे बीजपेशी तयार होताना संख्या निम्मी करणारे विभाजन असलेच पाहिजे, असे त्यांनी १८८७ मध्ये मांडले. काही वर्षांतच इतरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हेच अर्धसूत्री विभाजन.

त्यात वेगळे होण्याआधी आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र जोडीने बिलगतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून सख्खी भावंडेही एकसारखी नसतात. ही अदलाबदल जोडीला धरूनही ठेवते. ती नीट झाली नाही, तर वाटणी चुकू शकते. डाउन सिंड्रोममधले जादा एकविसावे गुणसूत्र बहुतेक वेळा अंडपेशीतल्या अशाच चुकलेल्या वाटणीतून येते.

१९१४ मध्ये वाइसमान वारले. त्यांचे सगळेच टिकले नाही. हायड्रोझोआत एकाच मूलपेशीपासून शरीराच्या पेशीही बनतात आणि बीजपेशीही, हे आता दिसले आहे. म्हणजे त्यांनी आखलेली रेघ त्यांच्याच जेलीफिशांनी पुसली. निम्म्याचा हिशेब मात्र तिथेही लागू पडतो. क्लायशिया नावाच्या छोट्या जेलीफिशच्या अंडपेशीत हे विभाजन अर्ध्यावर थांबलेले असते. पहाटे उजेड पडला की ते पुढे सरकते आणि साधारण दोन तासांत अंडी पाण्यात सुटतात.