झुल्फिकार अली भुट्टो : एकट्या पडलेल्या देशाचा हट्ट

पाकिस्तानचा अणुबॉम्ब म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच मजहबवर जाते. पण ज्यांनी त्याचा पाया घातला त्या झुल्फिकार अली भुट्टोंचं आयुष्य पाहिलं, तर मूळ कारण वेगळंच दिसतं.

भुट्टोंचा जन्म ५ जानेवारी १९२८ रोजी सिंधमधल्या लारकाना इथे झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. वडील सर शाहनवाज मोठे जमीनदार होते. झुल्फिकार यांनी मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत आणि पुढे बर्कले व ऑक्सफर्डला तालीम घेतली. १९५८ मध्ये, अवघ्या तिशीत, ते जनरल अयूब खान यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि १९६३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले.

१९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं रोखली. पाकिस्तानची बहुतेक शस्त्रं अमेरिकेचीच, त्यामुळे जास्त फटका त्यालाच बसला. १९७१ मध्ये तर अर्धा मुल्क गेला. सुमारे ९३ हजार माणसं कैदेत पडली. सिएटो, सेंटोसारखे करार होते, पण वाचवायला कुणीच आलं नाही. अशा वेळी सत्ता भुट्टोंच्या हाती आली. जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी मुलतानला शास्त्रज्ञांना जमवून बॉम्बचं काम सोपवलं. म्हणजे सुरुवात झाली ती पराभवातून आणि भीतीतून. मुस्लिम जगाचा अभिमान वगैरे गोष्टी नंतर जोडल्या गेल्या.

मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला चाचणी केली आणि ही भीती आणखी वाढली. १९७६ मध्ये पाकिस्तानने फ्रान्सशी अणुइंधन प्रक्रिया कारखान्याचा करार केला. तो सोडावा म्हणून अमेरिकेचे किसिंजर त्याच वर्षी लाहोरला आले. लढाऊ विमानांचं आमिष दाखवलं, मदत बंद करण्याचा इशाराही दिला. भुट्टो हटले नाहीत. पुढे १९७८ मध्ये फ्रान्सने माघार घेतली, पण तोवर कहूटाला युरेनियमचं काम सुरू झालं होतं.

बाहेरचा दबाव इथेच उलटा पडतो. आधीच दगा झाला असं ज्याला वाटतं, त्याला प्रत्येक धमकी म्हणजे आपल्या भीतीचा पुरावाच वाटते. शिवाय तो दबाव कायम टिकतही नाही. एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली, पण त्याच डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि काही काळातच मदतीचा दरवाजा पुन्हा उघडला.

भुट्टोंना मात्र हे पाहता आलं नाही. जुलै १९७७ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी त्यांना सत्तेवरून हटवलं आणि ४ एप्रिल १९७९ रोजी रावळपिंडीत त्यांना फाशी दिली गेली. त्यांच्यावरचा खटला न्याय्य नव्हता, असं मत पाकिस्तानच्याच सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये दिलं.

मे १९९८ मध्ये चगाईला स्फोट झाले. बॉम्ब मिळाला, पण तो उभारणाऱ्या नेत्याला स्वतःच्याच फौजेपासून कुणी वाचवू शकलं नाही. मुल्काची खरी हिफाजत इन्साफ आणि अवामच्या भरवशातून होते, एवढं तरी आपल्या मुलांना या आयुष्यातून सांगायला हवं.